२,३०० लाईक, ९ हरकती : समाजमाध्यमांवरचा आपला राजकीय सहभाग पोचतो कुठे?

अबोली | सोमवार, रात्री ९.१०

गेले दहा दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे मांडते.

आमच्या भागातल्या मुलांच्या मैदानाची अर्धी जागा वाहनतळाला द्यायचा प्रस्ताव आला. जाहीर सूचना निघाली, हरकती व सूचना देण्याची मुदत ठरली. मी मैदानाचा एक फोटो टाकला, संध्याकाळच्या उन्हात पोरं चेंडूमागे पळताहेत असा, आणि खाली चार ओळी लिहिल्या. दोन दिवसांत २,३०० लाईक आणि ६४० शेअर झाले. "ताई, आम्ही सोबत आहोत", "एक इंचही देणार नाही", आवळलेल्या मुठी, मशाली. मी भारावून गेले होते. रात्री दोनदा उठून आकडा बघितला.

मुदत संपल्यावर कार्यालयात जाऊन विचारलं, लेखी हरकती किती आल्या? खिडकीतल्या बाईंनी नोंदवही उलटली, बोट ओळीवरून खाली नेत मोजलं आणि म्हणाल्या, नऊ. त्यातली एक माझी, एक नवऱ्याची, एक सासूबाईंची.

मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. पण २,३०० आणि ९ यांच्या मधल्या जागेत नक्की काय होतं, हे मला समजून घ्यायचंय. समाजमाध्यमांमुळे आपण राजकारणात जास्त भाग घेतो, की भाग घेतल्याचं समाधान मिळून तिथेच थांबतो? तुमचे अनुभव लिहा. तुमची बाजू वेगळी असेल तर आवर्जून लिहा.

हेमकांत | सोमवार, रात्री ९.३१

आधी एक साधा हिशेब. त्या २,३०० पैकी तुमच्या भागातले किती? शेअर होत होत फोटो कुठल्या कुठे गेला असेल. बाहेरच्या माणसाने लाईक देऊन तुमच्या मैदानाबद्दल आपुलकी दाखवली, पुढे तो करणार काय?

अबोली | सोमवार, रात्री ९.४४

@हेमकांत, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आत्ता नावं चाळली. ओळखीचे आणि जवळपासचे धरले तर सातशे-आठशे तरी असतील. म्हणजे सातशे आणि नऊ. दुखायचं ते तेवढंच दुखतंय.

काजवा | सोमवार, रात्री १०.१५

मी चोविशीतली आहे, अबोलीताई, आणि मला हे पटत नाही. समाजमाध्यमं नसती तर त्या सूचनेबद्दल सातशे लोकांना कळलं तरी असतं का? जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. माझ्या वयाचं कोण वाचतं ते? मला आयुष्यातली पहिली राजकीय बातमी फोनवर कळली आणि मतदार नोंदणीचा दुवाही तिथेच मिळाला.

लाईकने काहीच होत नाही हेही खरं नाही. २ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची निवडणूक होती. त्या दिवशी फेसबुकने ६ कोटींहून जास्त लोकांच्या पानावर मतदानाची आठवण टाकली. काही जणांना नुसती आठवण दिसली, तर बहुतेकांना "मी मतदान केलं" असं सांगणाऱ्या मित्रांचे चेहरेही दिसले. संशोधकांनी पुढे सरकारी मतदार नोंदींशी ताडून पाहिलं. नुसत्या आठवणीचा परिणाम जवळजवळ शून्य होता. चेहऱ्यांचा झाला. सगळं मिळून सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली असा त्यांचा अंदाज आहे. २०१२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं.

म्हणजे माणूस हलतो. पण हलतो तो जवळच्या मित्राला बघून.

मृण्मय_ | सोमवार, रात्री १०.२२

काजवा, +१. पण यात एक भीतीही आहे. एक कंपनी एका बटणाने लाखो मतं वाढवू शकत असेल, तर ते बटण कुणाला दाखवायचं आणि कुणाला नाही हे कोण ठरवणार?

आवकजावक | मंगळवार, सकाळी ७.०५

नमस्कार मंडळी. मी निवृत्त झालोय. नोकरीतली सहा वर्षं एका नागरी कार्यालयाच्या आवक-जावक कक्षात काढली, त्यामुळे अबोलीताईंच्या प्रश्नाची दुसरी बाजू मी रोज पाहिलेली आहे.

कागद कार्यालयात आला की त्याच्यावर गोल शिक्का बसतो, तारीख पडते आणि आवक क्रमांक मिळतो. अर्जदाराने दुसरी प्रत आणली असेल तर तिच्यावरही तोच शिक्का मारून देतात. ती त्याची पोच. त्या क्षणापासून तो कागद कुणाच्या तरी टेबलावर असतो आणि "माझ्याकडे आलाच नाही" असं कुणाला म्हणता येत नाही. क्रमांक असलेला कागद हरवला तर चौकशी होते. कारवाई उशिरा होते, होत नाही, हे सगळं मान्य. पण कागदाला नाकारता येत नाही.

आता समाजमाध्यमावरचं घ्या. शेवटच्या दोन वर्षांत आमच्या कार्यालयाचंही खातं उघडलं. ते सांभाळायला बाहेरच्या संस्थेकडून एक मुलगा होता, मोठा मेहनती. दिवसाला शंभर-दीडशे ठिकाणी आमचं नाव जोडलेलं असायचं. तो प्रत्येकाला लिहायचा, "कृपया आपला तक्रार क्रमांक कळवा." दहातले आठ जण परत फिरकायचे नाहीत. पोस्टला आवक क्रमांक नसतो. ती कुठल्याही नस्तीत लागत नाही. सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्यासमोर नस्ती असते, फोन नसतो.

आतला माणूस म्हणून अजून एक सांगतो. साहेब लोक आकड्यांना घाबरत नव्हते असं मुळीच नाही. एखादी पोस्ट फार पसरली की वरून फोन यायचा, खड्डा त्याच रात्री बुजायचा. शेजारच्या गल्लीतला तसाच खड्डा, ज्याचा रीतसर अर्ज चार महिने पडून होता, तो मात्र तसाच राहायचा. त्या अर्जदाराच्या तोंडाकडे बघवत नसे.

हेमकांत | मंगळवार, सकाळी ७.४०

आवकजावक काका, दंडवत. शेवटच्या परिच्छेदावर वेगळा धागा निघेल.

बोरूबहाद्दर | मंगळवार, सकाळी ८.५५

पूर्वी वाचता न येणारी माणसं कागदावर अंगठा उठवायची. आता वाचता येणारी माणसं न वाचता अंगठा उठवतात. साक्षरतेने एक फेरी पूर्ण केली म्हणायची! अशा वीरांना मी "अंगठाबहाद्दर" ही पदवी देऊ इच्छितो.

निशिगंध | मंगळवार, सकाळी ९.०२

हाहा, अंगठाबहाद्दर! इंग्रजीत "स्लॅक्टिव्हिझम" म्हणतात त्याला मराठी शब्द हवाच होता. "पलंगी चळवळ" कसा वाटतो?

मृण्मय_ | मंगळवार, सकाळी ९.१०

ट्रोलला "जल्पक" रुळतोय, तसं याला "अंगठेकरी" म्हणा. वारकरी, माळकरी, अंगठेकरी.

निशिगंध | मंगळवार, सकाळी ९.१२

"नेटकरी" आहेच घरात, त्याचा धाकटा भाऊ.

खिडकीतून | मंगळवार, दुपारी १२.४८

शब्द मजेशीर आहेत, मलाही हसू आलं. पण मग जरा वेळ वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

सात वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर मी चाकाच्या खुर्चीवर आहे. हात थकले की बोलून टंकतो, त्यामुळे चुका दिसल्या तर माफ करा. जिथे नागरिकांच्या सभा होतात ते सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन नाही. दोनदा चौघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. तिसऱ्यांदा मीच नको म्हणालो. उचलून नेलेला माणूस सभेत बोलायला लागला की लोक त्याच्या मुद्द्याऐवजी त्याच्याकडे बघतात.

तेव्हापासून माझं राजकारण याच पडद्यावर आहे. अर्थसंकल्पाचे कागद वाचतो, त्यातले आकडे सोपे करून लिहितो, उमेदवारांची शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवून तुलना करतो. चार जण ते वाचतात, त्यातला एखादा सभेत जाऊन प्रश्न विचारतो. घरी आजारी माणूस असलेल्या, रात्रपाळी करणाऱ्या, तान्ह्या बाळाच्या आया, या सगळ्यांचं असंच असतं. "प्रत्यक्ष आलात तरच खरे" हा नियम लावला तर आम्ही सगळे एका झटक्यात नागरिक म्हणून बाद होतो.

अबोलीताई, तुमच्या २,३०० मध्ये माझ्यासारखेही असतील. तुमच्या त्या नऊ हरकतींमध्ये दहावी माझी असू शकली असती, ती घरबसल्या पाठवता आली असती तर.

बोरूबहाद्दर | मंगळवार, दुपारी १.२०

@खिडकीतून, मनापासून माफी मागतो. शब्दाच्या नादात माणूस दिसला नाही. पदवी मागे घेतली. तुम्ही शपथपत्रांची तुलना कशी करता ते सवडीने लिहाल का? मला शिकायचंय.

खिडकीतून | मंगळवार, दुपारी १.३५

अहो, माफी कसली. लिहितो नक्की.

अबोली | मंगळवार, दुपारी २.१०

खिडकीतून, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. सूचनेच्या तळाशी कार्यालयाचा ई-मेल पत्ता होता. हरकत ई-मेलने चालत होती! माझ्या पोस्टमध्ये मी तो पत्ता टाकलाच नाही. फोटो टाकला, भावना टाकल्या, पत्ता टाकला नाही. शेवटची तारीखही नाही. लोकांनी काय करायचं होतं हे मी कुठे सांगितलं होतं?

तारायंत्र | मंगळवार, सायंकाळी ५.३०

अबोली, तुम्ही जिथे येऊन पोचलात तिथलंच उदाहरण देतो. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, इंटरनेट सेवांच्या नियमनावर ११८ पानांचा सल्लामसलतीचा कागद काढला. त्यात २० प्रश्न होते आणि उत्तरांना ठरावीक मुदत होती. सामान्य माणूस ११८ पानं वाचून २० उत्तरं लिहिणार कधी? काही स्वयंसेवकांनी एकत्र येऊन प्रश्न सोपे केले, नमुन्यादाखल उत्तरं लिहिली आणि एक संकेतस्थळ बनवलं. तिथून उत्तरं वाचायची, हवी तशी बदलायची आणि थेट ट्रायच्या पत्त्यावर ई-मेल करायची. मीही त्यात होतो, म्हणजे ई-मेल पाठवणाऱ्यांत. मुदतीच्या आत १० लाखांहून जास्त ई-मेल गेले. नेट न्यूट्रॅलिटीसारखा (इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक) रुक्ष विषय, आणि इतकी माणसं!

वर्षअखेरीस वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावण्याबद्दल दुसरा कागद आला. तेव्हा फेसबुकने आपल्या 'फ्री बेसिक्स'साठी (ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवणारी सेवा) स्वतःच्याच वापरकर्त्यांकडून एका बटणावर तयार पत्रं पाठवून घेतली. तीही लाखोंनी गेली. पण ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्या पत्रांत नव्हती. नुसता पाठिंबा होता, आणि ट्रायने ते स्पष्ट सुनावलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला असे भेदभाव करणारे दर ठेवायला बंदी आली.

दोन्हीकडे लाखो माणसं होती, दोन्हीकडे एक बटण होतं. एका बाजूने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं, दुसऱ्या बाजूने नुसतं डोकी मोजून दाखवली.

वकीलसाहेब_नव्हे | मंगळवार, सायंकाळी ६.१५

तारायंत्र, छान लिहिलंत. पण "नुसता लाईक" म्हणून जे हिणवलं जातंय त्याबद्दल मला थोडं बोलायचंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका तरुणीने शहर बंद असण्याबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि तिच्या मैत्रिणीने ते लाईक केलं. दोघींना अटक झाली. लाईक करणारीलासुद्धा! माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चा आधार घेतला होता. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

म्हणून लाईक हलका की जड, हे तो कुठे आणि कुणाविरुद्ध दिलाय त्यावर ठरतं. सुरक्षित जागी बसलेल्याला तो फुकट वाटतो. काहींना त्याची किंमत मोजावी लागलेली आहे.

सरकारी_सावली | मंगळवार, सायंकाळी ६.४०

आमच्यासारख्या सेवेतल्यांना आचरण नियमांमुळे लिहिता येत नाही. वाचतो सगळं. एवढंच.

शर्वरी_म | मंगळवार, रात्री ११.५०

वकीलसाहेबांनी किंमत हा शब्द वापरला म्हणून लिहायचं धाडस करतेय.

दीड वर्षापूर्वी मी एका स्थानिक निर्णयाविरुद्ध सविस्तर लिहिलं होतं. आकडे, ठरावाची प्रत, सगळं जोडलं होतं. पहिले काही तास चांगली चर्चा झाली. मग कुणीतरी ती पोस्ट दुसऱ्या एका गटात नेली. त्यानंतरच्या तीन दिवसांत माझ्या मुद्द्याला एकाने हात लावला नाही. माझे कपडे, माझं लग्न, माझी जात. जुन्या फोटोंमधून माझ्या मुलीचा फोटो काढून त्यावर जे लिहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

मी पोस्ट काढली. मग खातं बंद केलं. चौदा महिने एक शब्द लिहिला नाही, मतदानाच्या शाईचा फोटोसुद्धा टाकला नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या तीन दिवसांत बावीस जणांनी इनबॉक्समध्ये येऊन धीर दिला. "तू बरोबर आहेस", "खचू नकोस". आणि पोस्टखाली, सगळ्यांना दिसेल असं, एकानेही लिहिलं नाही. एकानेही. बावीस जण तिथे आले असते तर मी पोस्ट काढली नसती.

समाजमाध्यमांमुळे किती लोक राजकारणात आले हे मोजतात. किती जणी निघून गेल्या, हे कुणी मोजत असेल का?

अबोली | बुधवार, सकाळी ६.३०

शर्वरी, काय लिहू. सगळ्यांसमोर लिहिते : तू बरोबर होतीस.

काजवा | बुधवार, सकाळी ७.१५

शर्वरीताई, तुम्ही बरोबर होतात.

आवकजावक | बुधवार, सकाळी ७.२०

शर्वरीताई, तुम्ही बरोबर होता. पडदाछायांकनं (स्क्रीनशॉट) ठेवली असतील तर जपून ठेवा. मुलीच्या फोटोबाबत सायबर पोलिसांकडे अजूनही तक्रार देता येईल. लेखी द्या आणि पोच घ्या. मसुद्याला मदत लागली तर मी आहे.

खिडकीतून | बुधवार, सकाळी ८.४०

तुम्ही बरोबर होतात. आणि आज लिहिलंत म्हणून आभार.

मृण्मय_ | बुधवार, सकाळी ९.३०

शर्वरी, तुम्ही बरोबर होतात.

या गलिच्छपणाला यंत्रणेचंही खतपाणी आहे. २०१७ पासून फेसबुकच्या क्रमवारीत रागाच्या चेहऱ्यासकट इतर प्रतिक्रियांना साध्या लाईकच्या पाचपट वजन दिलं जात होतं. कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ मध्ये हे बाहेर आलं. पुढे रागाचं वजन टप्प्याटप्प्याने कमी करत शून्यावर आणलं, पण मधली काही वर्षं? ज्या पोस्टने लोकांचं डोकं फिरेल ती वर, ज्या पोस्टने लोक विचारात पडतील ती खाली. विचारात पडलेला माणूस काहीच दाबत नाही हो. तो फोन खाली ठेवतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. यंत्राला वाटतं, याला आवडलं नाही.

मध्यमा | बुधवार, सकाळी ११.०५

यंत्राला सगळा दोष देऊन आपण सुटणार नाही, मृण्मय. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो आला. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती आणि राजकारणातली खोटी बातमी सगळ्यात वेगाने पसरत होती. स्वयंचलित खाती वगळून पाहिलं तरी निष्कर्ष बदलला नाही. पसरवत होती माणसंच.

आमच्या घरच्या गटाचं सांगते. निवडणुकीच्या आठ दिवस आधी काकांनी एक चित्रफीत टाकली. मतदान यंत्राभोवती गोंधळ चाललाय, खाली लिहिलेलं "कालची घटना". मी शोधलं तर ती सहा वर्षं जुनी आणि दुसऱ्याच देशातली निघाली. गटात तसं लिहिलं. काका गट सोडून गेले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, "सगळ्यांसमोर मोठ्या माणसाला खोटं पाडलंस".

मग मी काकांना फोन केला. म्हटलं, काका, तुम्ही हे का टाकलंत? ते म्हणाले, "अगं, मला काळजी वाटली म्हणून." खरंच काळजी होती त्यांना. ज्यांना काळजी आहे तेच फसतात. आता आमचं ठरलंय, दुहेरी बाण (खूप वेळा फिरलेल्या संदेशाची खूण) दिसला की काका आधी मला एकटीला पाठवतात आणि विचारतात, "बघ गं, खरं आहे का?" त्यांनी मागच्या महिन्यात असे सोळा संदेश पाठवले. दोन खरे निघाले.

हेमकांत | बुधवार, सकाळी ११.३०

दुहेरी बाणावरून आठवलं. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा आणली, २०१९ मध्ये जगभर. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. बोटाला जरा अडथळा झाला की बऱ्याच जणांचा उत्साह ओसरतो. काकांचा नाही ओसरला, पण काकांना पुतणी चांगली मिळाली.

नीलकमळ | बुधवार, दुपारी ४.००

तुम्ही सगळे मैदान आणि हरकतीत अडकलात. समाजमाध्यमांनी सरकारं पाडलीत, तिकडे बघा की! इजिप्त, आणि आता नेपाळ.

मृण्मय_ | बुधवार, दुपारी ४.२५

@नीलकमळ, इजिप्त नीट आठवून बघा. पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या खालिद सईद यांच्या नावाने फेसबुकवर पान निघालं आणि २५ जानेवारी २०११ च्या निदर्शनांची हाक तिथून दिली गेली, हे खरं. पण २७ च्या रात्रीपासून सरकारने इंटरनेट बंद केलं. आणि २८ ला, शुक्रवारी, रस्त्यावरची गर्दी प्रचंड वाढली! घरात बसून फोनवर बघणं बंद झालं म्हणून लोक बाहेर आले, असाही एक तर्क आहे. राष्ट्राध्यक्ष मुबारक ११ फेब्रुवारीला सत्तेवरून गेले. पण पुढे काय करायचं हे त्या पानाला ठाऊक नव्हतं. संघटना होत्या त्या दुसऱ्यांच्या. २०१३ मध्ये लष्कर परत सत्तेवर आलं.

नीलकमळ | बुधवार, दुपारी ४.५०

आणि नेपाळ? ४ सप्टेंबर २०२५ ला सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, गोळीबारात पोरं मेली, त्याच रात्री बंदी उठवावी लागली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांचा राजीनामा. मग डिस्कॉर्डवर हजारो जणांनी चर्चा करून माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे केलं आणि १२ तारखेला त्यांनी शपथ घेतली. खेळ खेळताना गप्पा मारायच्या जागेवर देशाच्या नेतृत्वाची चर्चा! याला सहभाग नाही म्हणणार?

खिडकीतून | बुधवार, सायंकाळी ६.१०

सहभाग म्हणणारच, नीलकमळ. मी त्या दिवसांत रात्र रात्र जागून बातम्या बघत होतो, अंगावर काटा येत होता. माझ्या मनात एकच शंका होती. त्या दालनात देशाचा नागरिक कोण आणि दुसऱ्या देशातला प्रेक्षक कोण, हे ओळखायची सोय नव्हती. हेमकांत यांनी पहिल्याच प्रतिसादात जो हिशेब विचारला तोच इथेही लागू पडतो. संकटात आवाज एकत्र आणायला ती जागा उत्तम ठरली. पण मतदार यादी, मतपेटी, मोजणीचे प्रतिनिधी या कंटाळवाण्या गोष्टी ज्यासाठी असतात ते काम तिच्याने होणार नाही.

तारायंत्र | बुधवार, सायंकाळी ७.००

कंटाळवाण्या गोष्टींच्या बाजूने अजून एक. ब्रिटनच्या संसदेच्या याचिका संकेतस्थळावर १० हजार सह्या झाल्या की सरकारने लेखी उत्तर द्यायचं आणि १ लाख झाल्या की संसदेत चर्चेसाठी विचार करायचा, असं ठरलेलं आहे. २०१९ मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणणाऱ्या याचिकेवर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या. चर्चा झाली, सरकारने नाही म्हणून सांगितलं. मागणी मान्य झाली नाही, पण उत्तर द्यावं लागलं आणि ते नोंदीत आहे.

आइसलँडचं उलट झालं. २०११ मध्ये २५ जणांच्या परिषदेने संविधानाचा मसुदा लिहिला, फेसबुकवरून लोकांच्या सूचना घेत घेत. २०१२ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो आधार धरावा म्हणून कौल दिला. संसदेने तो शेवटपर्यंत मंजूर केला नाही. कौल बंधनकारक नव्हता.

निशिगंध | बुधवार, सायंकाळी ७.३०

तैवानमध्ये पोलिस नावाचं एक साधन वापरतात (आपले खाकीतले नव्हेत!). तिथे लोक एकेक विधान मांडतात आणि बाकीच्यांनी सहमत, असहमत किंवा पुढे, एवढंच म्हणायचं. उत्तर लिहायची सोयच नाही. त्यामुळे भांडता येत नाही, आणि कुठल्या विधानावर वेगवेगळ्या मतांचे गट एकत्र येतात ते नकाशावर दिसतं. २०१५ मध्ये उबरच्या नियमांसाठी त्यांनी हे वापरलं होतं. शर्वरी, तुझा प्रतिसाद वाचल्यापासून मला हे सारखं आठवतंय. उत्तराचं बटण नसलेली जागा.

शर्वरी_म | बुधवार, रात्री ९.१५

निशिगंध, चांगलं आहे ते. पण उत्तराचं बटण नसतं तर आज सकाळी तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मला वाचायला मिळाले नसते. ते मी मुलीलाही दाखवले.

अबोली | तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी १०.००

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

जाहीर सूचनेसोबतच्या नकाशात सर्व्हे क्रमांक चुकला होता. त्यामुळे दुरुस्तीची सूचना निघाली आणि हरकतींसाठी पुन्हा मुदत मिळाली. या वेळी मोठी पोस्ट टाकली नाही. आवकजावक काकांना फोन केला. त्यांनी सांगितलं, "एकच मजकूर सगळ्यांनी पाठवू नका. शंभर सारख्या हरकतींना एकच उत्तर देऊन मोकळे होतात. प्रत्येकाने आपलं कारण लिहू द्या." म्हणून मी फक्त सांगाडा बनवला : सूचनेचा क्रमांक, जागेचा क्रमांक, "माझी हरकत अशी की" आणि खाली रिकामी जागा. ई-मेल पत्ता आणि शेवटची तारीख सगळ्यात वर.

काजवाने सांगितलेलं चेहऱ्यांचं सूत्र वापरलं. ज्याने हरकत दिली त्याने पोच हातात धरून फोटो काढायचा आणि आपल्या जवळच्या दहा जणांना पाठवायचा. सासूबाईंनी पहिला फोटो काढला, चष्मा लावून, पोच अगदी नाकासमोर धरून.

लाईक या वेळी १८० च्या आसपास. हरकती २१४.

एक हरकत दहावीतल्या मुलाची आहे. त्याने लिहिलंय की मैदानाच्या ज्या अर्ध्या भागात वाहनतळ येणार आहे तिथेच सावली असते, उरलेल्या अर्ध्यात दुपारी चारपर्यंत पाय भाजतात. इतक्या वर्षांत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

काजवा | शनिवार, सकाळी १०.०४

२१४!! अबोलीताई!!!

हेमकांत | शनिवार, सकाळी १०.१०

यातले भागातले किती? (गंमत करतोय. अभिनंदन.)

अबोली | शनिवार, सकाळी १०.१३

सगळेच, हेमकांत. पत्ता लिहिणं सक्तीचं होतं.

नीलकमळ | शनिवार, सकाळी १०.३०

सरकार पडलं नसलं तरी मानलं तुम्हाला. पण फोटो टाकलाच नसतात, २,३०० झालेच नसते, तर २१४ झाले असते का? मला नाही वाटत.

अबोली | शनिवार, सकाळी १०.४१

नसतेच झाले. २१४ मधल्या बऱ्याच जणांना मी त्या कमेंटमधूनच शोधून काढलं. "एक इंचही देणार नाही" लिहिणाऱ्यांना एकेकाला निरोप पाठवला, की दादा, इंच वाचवायला हा घ्या पत्ता. बहुतेकांनी दिली हरकत. कुणी सांगितलंच नव्हतं म्हणाले.

आवकजावक | शनिवार, सकाळी ११.२०

उत्तम. आता सुनावणीची सूचना ई-मेलवर येईल, ती टपालपेटीच्या नको त्या (स्पॅमच्या) कप्प्यात जाते, रोज तपासायला सांगा. ज्यांना बोलायचंय त्यांनी आवक क्रमांकाप्रमाणे रांग लावा आणि प्रत्येकाने स्वतःचं एकच कारण बोला, दोन मिनिटांत. त्या मुलाला पहिला बोलू द्या. त्याच्यासोबत पालक असू द्या.

खिडकीतून | शनिवार, सकाळी ११.४५

सुनावणी कुठल्या मजल्यावर आहे?

अबोली | शनिवार, दुपारी १२.३०

विचारून आले. दुसऱ्या मजल्यावर ठेवली होती. तळमजल्यावरच्या दालनात घ्यावी म्हणून आत्ताच अर्ज दिला, दोन प्रतींत. पोच मिळाली आहे, तुम्हाला फोटो पाठवते.